शंभर नंबर फिरवण्याआधी

पोलिसांनी शस्त्र केव्हा उचलावे याचे नियम इस्रायलमध्ये आहेत, आणि कागदावर ते वाईट नाहीत. जिवाला खरा धोका असेल व दुसरा उपाय उरला नसेल, तरच गोळी. शब्दांविषयी आमचे म्हणणे नाही. पण हे नियम प्रसंगाच्या शेवटच्या दहा सेकंदांपुरतेच बोलतात, आणि माणूस मेल्यावर चौकशीही त्या दहा सेकंदांचीच होते, ही आमची तक्रार आहे.

१८ जानेवारी २०१९ रोजी बात याममध्ये काय घडले ते पाहा. २४ वर्षांचा इथिओपियन ज्यू तरुण, सैन्यात सेवा केलेला, मनाने आजारी. तो सुरी घेऊन घराबाहेर पडला तेव्हा घरच्यांनीच पोलिसांना फोन केला आणि मुलगा आजारी असल्याचेही सांगितले. त्यांना तो सुखरूप घरी यायला हवा होता. तो सुरीसह अंगावर धावून आला, असे पोलिसांनी सांगितले. गोळी लागून तो गेला. मार्च २०२१ मध्ये हैफात तोच प्रकार: ३३ वर्षांचा अरब तरुण, मानसिक रुग्ण, मदतीची हाक कुटुंबाची, आणि शेवट गोळीने. समोर सुरी आली की पोलिसाला विचाराला सवड नसते, हे आम्हांला मान्य आहे. पण फोन आला तेव्हापासून पोलीस तेथे पोचेपर्यंत सवड होती. त्या वेळात कोणाला पाठवायचे हे ठरवणारा नियम कोठे आहे?

जेरुसलेमच्या जुन्या शहरात तर सुरीही नव्हती. ३० मे २०२० रोजी तेथे ३२ वर्षांचा ऑटिस्टिक पॅलेस्टिनी माणूस आपल्या खास शाळेकडे जाताना मारला गेला. जुलै २०२३ मध्ये पोलीस निर्दोष सुटला. त्याची समजूत चुकीची असली तरी प्रामाणिक होती, असे न्यायालयाला वाटले. पुन्हा तेच मोजमाप: त्या घटकेला पोलिसाला काय वाटले.

समित्यांची वाण नाही. ऑक्टोबर २००० च्या दंगलींत १३ जण मेले. त्यावर नेमलेल्या न्यायमूर्ती ऑर यांच्या आयोगाने २००३ मध्ये पोलिसांवर कडक ताशेरे ओढले, पण एकाही पोलिसावर खटला झाला नाही. २०१६ मध्ये पालमोर समितीने इथिओपियन समाजाला मिळणाऱ्या वागणुकीवर अहवाल दिला. त्याच वर्षी खुद्द पोलीस आयुक्तांनी इथिओपियन तरुणांवर जास्त संशय येणे स्वाभाविक आहे, असे जाहीरपणे सांगितले! अहवाल कपाटात आणि संशय रस्त्यावर, असा हा कारभार.

दुसरी वाट परदेशांत चालून पाहिली गेली आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या युजीन गावी १९८९ पासून अशा फोनवर एक वैद्यकीय मदतनीस आणि एक समुपदेशक साध्या गाडीतून जात. कमरेला पिस्तूल नाही. डेन्व्हर शहराने जून २०२० मध्ये तसेच सुरू केले. ज्या भागांत ती गाडी फिरली तेथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या, असे २०२२ च्या एका अभ्यासात दिसले. अर्थात हातात सुरी असेल तर अशी गाडी एकटी पाठवता येत नाही, हेही खरे. युजीनची सेवा २०२५ मध्ये पैशाअभावी बंद पडली, तेव्हा कौतुक करताना खर्चही मोजावा.

आपल्याकडे काय आहे? १०१ वर रुग्णवाहिका येते. १२०१ वर एरानचे स्वयंसेवक दिवसरात्र ऐकून घेतात. १९९१ च्या कायद्याने जिल्ह्याचा मनोविकारतज्ज्ञ सक्तीच्या तपासणीचा हुकूम देऊ शकतो. पण मध्यरात्री मुलगा दार आपटू लागला की हुकुमाची वाट कोण पाहणार? बोट १०० वरच जाते.

यात आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. १९६४ मध्ये सरकारने आपल्याला सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्य करीपर्यंत आपल्याच वडीलधाऱ्यांनी जेरुसलेमात धरणे धरले होते. बात यामच्या घटनेनंतर इथिओपियन लोक तेल अवीवच्या रस्त्यांवर उतरले, तेव्हा ‘हे लोक दंगेखोर’ म्हणणारे आपल्यातही निघाले, ते आम्हांला रुचले नाही. शिवाय असे आजारी मुलगे आपल्या घरांतही आहेत. ‘डोके फिरलेय’ हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आपण दार लावून घेतो. मग एके रात्री म्हाताऱ्या आईला मोडक्यातोडक्या हिब्रूत फोनवर सगळे सांगावे लागते. ‘सुरी’ला हिब्रूत काय म्हणतात ते तिला चटकन आठवते, ‘घाबरलाय, मारू नका’ हे सांगताना शब्द सापडत नाहीत.

लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा येथील आपल्या मंडळांनी हनुक्काच्या कार्यक्रमासाठी इरियाकडे हॉल मागायला जाताना एवढे विचारून यावे: शनिवारी रात्री असा फोन आला, तर पोलिसाबरोबर गाडीत दुसरे कोण बसते?