रकीतिनचा लेख आणि मीत्याचा हात : ‘कारामाझोव्ह बंधू’मधील जडवादाचा प्रश्न

चैतन्य, नीती आणि आत्मा यांची संपूर्ण उपपत्ती जडद्रव्य व त्याचे नियम यांच्या आधारे लावता येते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात बहुधा ‘चैतन्य कशाचे बनले आहे?’ या रूपात विचारला जातो. कादंबरीत त्याचे रूप पालटते. तेथे प्रत्येक स्पष्टीकरण कोणीतरी, कोणाविषयी तरी आणि कोणासमोर तरी देत असतो. डोस्टोव्हस्कीच्या ‘कारामाझोव्ह बंधू’ (१८७९-८०) या कादंबरीची चर्चा इव्हानच्या बंडखोर युक्तिवादांभोवती एवढी एकवटते की, जडवादाशी तिचा सर्वांत नेमका सामना मीत्याच्या, म्हणजे सर्वांत कमी शिकलेल्या भावाच्या प्रकरणात होतो, हे नजरेआड होते.

या सामन्याला निश्चित वैचारिक पार्श्वभूमी आहे. चेर्निशेव्हस्कीने १८६० मध्ये मानवी व्यवहाराची मीमांसा निसर्गशास्त्रांच्या पायावर मांडली होती. सेचेनोव्हने १८६३ मध्ये मानसिक व्यापारांचे विवरण मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांच्या भाषेत केले. १८६४ च्या ‘भूमिगताची टिपणे’मध्ये डोस्टोव्हस्कीने या विचारविश्वाला पहिले मोठे उत्तर दिले, तेथे वाद तात्त्विक स्वगताच्या पातळीवर होता. ‘कारामाझोव्ह’मध्ये तो खटल्याच्या पातळीवर येतो. पितृहत्येच्या आरोपाखाली कैदेत असलेला मीत्या सुनावणीच्या आदल्या दिवशी अल्योशाला सांगतो की, मेंदूतल्या मज्जातंतूंना शेपट्या असतात, त्या थरथरतात म्हणून माणूस विचार करतो, आत्म्याचा त्यात संबंध नाही. हे ज्ञान त्याला रकीतिनने दिलेले आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याचे नावही त्याने तेथेच ऐकले आहे, आणि ‘बेर्नार’ ही त्याच्या लेखी एक शिवीच होऊन बसते. मीत्या या शास्त्राचा प्रतिवाद करीत नाही. ते भव्य आहे असेच त्याला वाटते. त्याला फक्त ईश्वराबद्दल वाईट वाटते.

रकीतिन तुरुंगात येतो तो मात्र एका लेखाच्या सामग्रीसाठी. परिस्थितीने ग्रासलेल्या मीत्याला हत्या करण्यावाचून गत्यंतरच नव्हते, हे त्याला सिद्ध करावयाचे आहे. या योजनेतील उपरोध निवेदक कोठेही उकलून दाखवीत नाही. कार्यकारणाची साखळी पूर्ण जुळली आहे : उपेक्षित बालपण, दारू, मत्सर, पैशाचा वाद. परंतु ज्या कृत्याची अनिवार्यता सिद्ध होणार आहे ते कृत्य मीत्याने केलेलेच नाही. ते स्मेर्द्याकोव्हने केले आहे. न घडलेल्या गोष्टीलाही तितकेच चपखल लागू पडणारे स्पष्टीकरण नेमके कशाचे स्पष्टीकरण असते, हा प्रश्न या कथानकानेच उभा केला आहे.

त्या रात्री बागेत काय घडले हे सांगताना संहितेत एक विलक्षण खंड पडतो. मीत्या बापाच्या खिडकीबाहेर उभा आहे, खिशातून त्याने पितळी बत्ता काढला आहे, आणि तेथे छापील पानावर केवळ टिंबांची ओळ येते. पुढे चौकशीत तो तीन शक्यता सांगतो : कोणाचे तरी अश्रू, आईची प्रार्थना किंवा एखाद्या तेजोमय आत्म्याचा स्पर्श. कोणती खरी, हे त्यालाही ठाऊक नाही. त्याच रात्री, काही क्षणांतच, त्याच हाताने तो कुंपणापाशी वृद्ध नोकर ग्रिगोरीला रक्तबंबाळ करतो. म्हणजे त्या हाताला हिंसा अशक्य होती, असेही म्हणता येत नाही. टिंबांच्या त्या ओळीला आत्म्याच्या अस्तित्वाचा पुरावा मानणे जितके उतावीळपणाचे, तितकेच तेथे एखादे शारीर कारण निमूटपणे भरून टाकणे उतावीळपणाचे. निवेदकाने ती जागा रिकामी ठेवली आहे आणि वाचकाने ती रिकामीच वाचली पाहिजे.

न्यायालयात मात्र रिकामी जागा चालत नाही. मीत्याच्या मनःस्थितीविषयी तीन वैद्यांची साक्ष होते. त्याने प्रवेश करताना डावीकडे, स्त्रियांकडे पाहावयास हवे होते, असे वृद्ध हेर्त्सेनश्टूबे म्हणतो. मॉस्कोहून आलेल्या तज्ज्ञाच्या मते उजवीकडे, आपल्या वकिलाकडे. तिसऱ्याच्या मते समोर पाहणे हेच स्वाभाविक होते. एकाच नजरेचे हे तीन अर्थ ऐकून हसू येते. पण पुढे तोच हेर्त्सेनश्टूबे आठवण सांगतो की, अनवाणी, टाकलेल्या लहान मीत्याला त्याने एकदा पौंडभर अक्रोड दिले होते आणि २३ वर्षांनी तरुण मीत्या आभार मानावयास आला होता. तज्ज्ञ म्हणून त्याचे विधान निरर्थक ठरते, साक्षीदार म्हणून ते मोलाचे ठरते. दोन्ही विधाने एकाच माणसाविषयी आहेत. दुसऱ्यात तो माणूस बोलणाऱ्याला काही उत्तर देतो, एवढाच फरक. बाख्तिनने १९२९ च्या ग्रंथात आणि त्याच्या १९६३ च्या सुधारित आवृत्तीत दाखवून दिले आहे की, डोस्टोव्हस्कीच्या जगात माणसाच्या पाठीमागे उच्चारलेले, त्याला संपवून टाकणारे सत्य असत्यात परिणत होते. वैद्यांची साक्ष आणि रकीतिनचा लेख ही त्याची ठळक उदाहरणे होत.

या वाचनावर एक आक्षेप घेतला पाहिजे. पंचवीस रूबलांच्या लोभाने मित्राला मोहात ढकलू पाहणारा रकीतिन हा जडवादाचा प्रतिनिधी करणे, हा लेखकाचा पक्षपात नव्हे काय? काही प्रमाणात आहेच. खऱ्या बेर्नारने १८६५ च्या आपल्या ग्रंथात विज्ञानाची धाव ‘कसे’ या प्रश्नापर्यंतच असते, अंतिम ‘का’ त्याच्या कक्षेबाहेर राहतो, हे स्वच्छ सांगितले होते. मीत्याच्या तोंडचा बेर्नार हा रकीतिनने घडविलेला बेर्नार आहे. शिवाय स्वतः अपस्माराने ग्रस्त असलेल्या डोस्टोव्हस्कीला देहाची सत्ता नाकारणे शक्य नव्हते. इव्हानला दिसणारा सैतान हा मेंदूच्या आजाराचा परिणाम आहे, हे कादंबरी मोकळेपणाने मान्य करते. पण तो जे बोलतो ते इव्हानचेच विचार असल्यामुळे निदानाने इव्हानची सुटका होत नाही. उलट स्मेर्द्याकोव्ह आपल्या खऱ्या अपस्माराचे सोंग करून त्याचीच ढाल बनवितो. देहाचे कारण खरे असूनही ते सबब म्हणून वापरता येते, हे त्याने ओळखले आहे.

भारतीय परंपरेतील देहात्मवादाच्या खंडनाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. किण्वातून मदशक्ती उपजावी तसे भूतांतून चैतन्य उपजते, या लोकायत मताला शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात (३.३.५३-५४) उत्तर देतात ते ज्ञात्याच्या अंगाने : अग्नी स्वतःला जाळत नाही, त्याप्रमाणे भूतांचा धर्म असलेले चैतन्य भूतांनाच विषय करू शकणार नाही. तेथून ते देहाहून भिन्न आत्म्यापर्यंत पोहोचतात. डोस्टोव्हस्कीची वाट ज्ञात्याची नसून कर्त्याची आहे, आणि म्हणूनच तिचा निष्कर्षही अधिक मर्यादित असावयास हवा. लेखकाची श्रद्धा त्या मर्यादेपलीकडे गेली असेल. संहितेतील पुरावा तेथपर्यंत जात नाही.

तो पुरावा जेथपर्यंत जातो तेथे एक विषम हिशेब शिल्लक राहतो. हत्या स्मेर्द्याकोव्हच्या हातून होते, तिची मुभा इव्हानच्या शब्दांतून मिळते, शिक्षा मीत्याला होते. आणि ज्याचा हात थांबला तोच मीत्या, स्वप्नात पाहिलेल्या रडणाऱ्या बालकासाठी, दुःख भोगावयास तयार होतो. कारणांची साखळी आणि अपराधाचा स्वीकार यांच्या रेषा कोठेही एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. ‘त्याने का केले?’ याचे उत्तर उद्या मज्जाशास्त्र निःशेष देऊ शकले, तरी ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याची जबाबदारी त्या उत्तरातून निघणार नाही. कारण ते वाक्य प्रथम पुरुषातच उच्चारता येते. नीतीला जडाच्या स्पष्टीकरणाहून अधिक काही लागते ते एवढ्याच अर्थाने. रकीतिनच्या लेखात सर्व काही असेल. हे वाक्य मात्र मीत्याऐवजी त्याला लिहिता येणार नाही.