हवाबंद पेटीतली शेती

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून फिरताना एका उपकरणापाशी बराच वेळ थांबलो. माशांसाठी असते तशी काचेची पेटी, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आत मक्याची रोपे, वर एलईडीची पट्टी, झाकणाच्या कडांना सिलिकॉन भरलेले. शेजारच्या बाटलीत कोमट पाणी, यीस्ट आणि शंभर ग्रॅम साखर. तिथून सलाईनची नळी पेटीत गेलेली. तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘हवाबंद शेती : कार्बन डायऑक्साइड वाढवा, उत्पन्न दुप्पट करा.’ मुले नीट बोलली. उपकरणाला दुसरा क्रमांक मिळाला, त्यात माझेही गुण होते. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली तेव्हा आपण काय विचारायला हवे होते ते लक्षात आले. म्हणून ही टीका मुलांवर नाही. गुण देणाऱ्यांवर आहे.

कल्पना खोटी नाही हे आधी सांगितले पाहिजे. नेदरलँड्समधील काचघरांत टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची यांना दिवसा ८०० ते १००० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तितके भाग, कार्बन डायऑक्साइड देतात आणि उत्पन्न वाढते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण आज ४२० पीपीएमच्या थोडे वर आहे.

आता पेटीचा हिशोब. तिच्यात सुमारे ५४ लिटर हवा मावते. त्यातला कार्बन डायऑक्साइड सुमारे २३ मिलिलिटर, वजनाने ४० मिलिग्रॅम. प्रमाण हजारावर न्यायला आणखी ३१ मिलिलिटर पुरेत. शंभर ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर ५१ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २८ लिटर वायू निघतो. हवे होते ३१ मिलिलिटर, व्यवस्था केली २८ लिटरची! बाटली तीन दिवस बुडबुडे सोडत होती आणि झाकण जागचे हलले नव्हते. याचा अर्थ एकच, पेटी कुठेतरी गळत होती. ‘हवाबंद’ हा शब्द तक्त्यावरच राहिला.

आठवी-नववीच्या मुलांकडून हा गुणाकार सहज करून घेता येतो, आणि त्यातून एक गंमतही हाती लागते. पाच ग्रॅम साखर आंबली किंवा पाच ग्रॅम खाण्याचा सोडा भरपूर व्हिनेगरमध्ये टाकला, तर दोन्हींतून जवळजवळ सारखाच, अडीच ग्रॅमच्या आसपास वायू मिळतो. फरक वेळेचा. सोडा दोन मिनिटांत मोकळा होतो, साखर काही दिवस घेते. प्रमाण ‘राखणे’ म्हणजे काय, हा प्रश्न इथे सुरू होतो. टाकीतली पाण्याची पातळी ठरते ती नळाने येणाऱ्या आणि तोटीने जाणाऱ्या पाण्याच्या वेगावर. टाकीला झाकण आहे की नाही यावर नव्हे. पेटीत यीस्ट हा नळ आणि पाने ही तोटी. दिवा बंद केला की तोटी बंद होते, वर रोपेही श्वसनाने वायू सोडू लागतात. यीस्टला मात्र रात्र कळत नाही. ‘रात्री काय होते?’ एवढे आम्ही विचारले असते तरी पुरे होते.

मक्याची निवड तर विशेषच चुकली. मका चार-पाच दिवसांत डोके वर काढतो, प्रदर्शनात शोभतो, म्हणून घेतला असणार. पण मका आणि आपल्या जिल्ह्याचा ऊस ही सी-४ गटातील पिके. हवाईमधील कोर्टशॅक, हार्ट आणि बर यांनी १९६५ मध्ये उसाच्या पानांवर, आणि पाठोपाठ हॅच व स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात दाखवून दिले की ही पाने कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लांत बांधतात. तो पुढे आतल्या पेशींत पोचवला जातो आणि तिथे आयताच दाट होतो. बाहेर प्रमाण वाढवून अशा पिकाला, पाण्याची ओढ नसेल तर, फारसे काही मिळत नाही. मेथी किंवा टोमॅटो लावला असता तर दाव्याला थोडा तरी आधार होता.

या गैरसमजाचे मूळ आपल्या वर्गातही आहे. पाठ्यपुस्तकांतून चालत आलेला प्रयोग आठवा : दोन कुंड्या, दोन काचेच्या हंड्या, एकीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ज्या हंडीत ते नाही तिथल्या पानात स्टार्च सापडतो आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण दहा लिटरच्या हंडीत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम चार मिलिलिटर. चांगल्या उजेडात पाच-सहा मोठी पाने तो अर्ध्या-पाऊण तासात संपवत आणतात. मग उरलेला दिवस स्टार्च कशाचा होतो? बराचसा कुंडीतल्या मातीच्या जिवाणूंनी सोडलेल्या वायूचा, आणि काही कडेने शिरलेल्या हवेचा. ॲरिझोनातील बायोस्फिअर-२ या बंद काचघरात १९९१ ते १९९३ या काळात आठ माणसे राहिली, तिथे याच मातीने गोंधळ उडवला. जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला, बाहेर पडलेला बराच कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषला, आणि शेवटी बाहेरून ऑक्सिजन आत सोडावा लागला.

जिल्ह्यातल्या पॉलिहाउसवाल्या शेतकऱ्याला ही देवघेव अनुभवाने ठाऊक असते. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाउसमध्ये साधारण साडेचार हजार घनमीटर हवा, तिच्यात कार्बन डायऑक्साइड साडेतीन किलोच्या आतबाहेर. भर उन्हात पूर्ण वाढलेले पीक दर चौरस मीटरला ताशी तीन ग्रॅम घेऊ शकते. पडदे लावूनच ठेवले तर साठा तासाभराचा! रात्री पिकाने आणि मातीने साठवलेला वायू सकाळच्या उन्हात भराभर उतरतो. पडदे वर गुंडाळले की उष्णता बाहेर जाते आणि ताजा वायू आत येतो. एप्रिलच्या चाळीस अंशांत पडदे बंद ठेवून वायू सोडत बसणे इथे परवडणारे नाही. डच तंत्र थंड हवेचे आहे. मुलांच्या तक्त्यावर नेदरलँड्स होते, राहुरी-पारनेरचे ऊन नव्हते.

निघताना एक मुलगा म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी आम्ही हे घरातल्या खोलीत करणार. कोरडा बर्फ आणणार.” मी ‘शाबास’ म्हणून पुढे गेलो, ही माझी सर्वांत मोठी चूक. दहा फूट लांब-रुंद-उंच बंद खोलीत एक किलो कोरडा बर्फ विरला तर प्रमाण वीस हजार पीपीएमच्या जवळ जाते. कामाच्या जागी आठ तासांसाठी मान्य मर्यादा पाच हजार आहे, आणि चाळीस हजारांना जिवाला तत्काळ धोका मानतात. हा वायू हवेपेक्षा जड, दिसत नाही, आणि उगम सरळ खोलीत असला की जमिनीलगत आधी साठतो. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यात वाकडी येथे बायोगॅसची मळी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढायला एकामागून एक माणसे उतरली आणि पाच जण गेले. तिथे मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे इतर वायूही असतात. पण बंद जागेतली हवा डोळ्यांनी ओळखता येत नाही, ही गोष्ट तीच.

त्या शाळेच्या शिक्षकांना मी नंतर फोन केला. पेटी टाकू नका, सिलिकॉन काढा आणि आत मोजायचे साधन ठेवा, असे सुचवले. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे मीटर आता काही हजार रुपयांत मिळतात. तेही नको असेल तर क्रेसॉल रेड आणि थायमॉल ब्लू घालून केलेला बायकार्बोनेट दर्शक चालतो. बाहेरच्या हवेत तो लालसर असतो, कार्बन डायऑक्साइड वाढला की पिवळा होतो, घटला की जांभळा. झाकणाच्या दोन बाटल्यांत थोडा थोडा दर्शक घ्यायचा, वर दोऱ्याने एकेक पान टांगायचे, एक बाटली उन्हात आणि दुसरी काळा कागद गुंडाळून. चार-पाच तासांनी कागद सोडायचा.