भूमिकाधारी संगणकीय खेळांतील चिलखत-व्यवस्था : ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
भूमिकाधारी संगणकीय खेळात चिलखत दोन कार्ये करते. ते आघाताची तीव्रता कमी करते, हे त्याचे संख्यात्मक कार्य होय. ते धारण करणारा कोण आहे हे इतरांना सांगते, हे त्याचे सांकेतिक कार्य होय. बेथेस्डा गेम स्टुडिओजच्या या मालिकेतील ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११) या तीन खेळांच्या तुलनेतून या दोन कार्यांमधील बदलते नाते स्पष्ट होते.

विवेचन :
‘मॉरोविंड’मध्ये शिरस्त्राण, उरस्त्राण, डावे व उजवे स्कंधत्राण, दोन स्वतंत्र हस्तत्राणे, जंघात्राण, पादत्राण आणि ढाल अशी नऊ स्थाने आहेत. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये स्कंधत्राणे उरस्त्राणात विलीन झाली, हस्तत्राणांची जोडी एक झाली आणि स्थाने सहा उरली. ‘स्कायरिम’मध्ये जंघात्राणही उरस्त्राणात सामावले गेले व ती पाचवर आली. मध्यम वजनाच्या चिलखताचे स्वतंत्र कौशल्य ‘ऑब्लिव्हियन’मध्येच वगळण्यात आले होते.

या संक्षेपाला केवळ ऱ्हास म्हणणे एकांगी ठरेल. सुटे भाग मनमानी पद्धतीने एकत्र केले असता पात्राचे रूप विसंगत दिसते. भाग एकत्रित केल्याने चित्रकाराला संपूर्ण वेशाची एकसंध कल्पना साकारता येते. वस्तूंची निवडही सुकर होते.

तथापि खरा प्रश्न स्थानांच्या संख्येचा नसून, खेळातील समाज चिलखताची दखल घेतो की नाही, हा आहे. ‘मॉरोविंड’मध्ये कीटकांचे कवच, हाडे, प्राण्यांचे कातडे व ज्वालामुखीजन्य काच यांपासून चिलखते घडविलेली आहेत; बेटाचा निसर्गच जणू पात्राच्या अंगावर येतो. साम्राज्याच्या सैन्यात दाखल झालेल्या खेळाडूने गणवेश घातला नसेल, तर वरिष्ठ त्याच्याशी कामाचे बोलत नाहीत. याउलट मंदिराच्या रक्षकांचे चिलखत घालून त्यांच्याशीच बोलू गेल्यास ते शस्त्र उपसतात. उत्तम संरक्षण देणारी वस्तू अशा रीतीने धोक्याचीही ठरते. खेळाडूस केवळ अंकांची बेरीज न करता औचित्याचा विचार करावा लागतो.

‘स्कायरिम’मध्ये हे सूत्र सर्वस्वी लोपलेले नाही. थाल्मोर वकिलातीतील प्रसंगात त्यांचाच झगा वेशांतरासाठी उपयोगी पडतो. परंतु तो एका प्रसंगापुरता अपवाद आहे. दुसरीकडे, चिलखतामुळे होणारी आघातातील घट ऐंशी टक्क्यांवर थांबते आणि लोहारकामातील प्रावीण्याने भिन्न धातूंची चिलखते या मर्यादेपर्यंत नेता येतात. तेथे पोहोचल्यावर संरक्षणाच्या दृष्टीने पोलाद व दुर्मिळ धातू यांतील भेद उरत नाही. निवड प्रामुख्याने दृश्य आवडीची होते. संख्यात्मक कार्य जेथे संपते, तेथे सांकेतिक कार्याने पुढे यावयास हवे होते. नेमकी तीच जागा रिकामी राहते.

निष्कर्ष :
चिलखत-व्यवस्थेचे मूल्यमापन वस्तूंच्या विपुलतेवर किंवा अंकांच्या समतोलावर करणे अपुरे आहे. भूमिका धारण करणे म्हणजे इतरांच्या दृष्टीस विशिष्ट रूपात पडणे होय. वेश पाहून ज्या जगाचे वर्तन बदलत नाही, त्या जगात खेळाडू वस्तू धारण करतो. भूमिका मात्र धारण करू शकत नाही. या निकषावर पाच स्थानांची व्यवस्थाही समृद्ध ठरू शकेल आणि नऊ स्थानांचीही दरिद्री.