रॉडवरचं अक्षर

मासेमारीचे रॉड हौसेने बांधणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळींचं काम पाहिलं की आधी थक्कच व्हायला होतं. मुठीच्या वरच्या वीतभर भागात धाग्याचे एकात एक हिरे, नागमोडी पट्टे, 'टायगर रॅप'ची झळाळती लहर. कुठे इपॉक्सीखाली बसवलेली पिसं, कुठे रंग फिरवून उठवलेला संगमरवरी पोत. मग नजर नावावर जाते आणि उत्साह मावळतो. लग्नपत्रिकेवर शोभावीत अशी वळणदार इंग्रजी अक्षरं, शेजारी उसळी मारणारा ट्राउट, पुढे बांधणाऱ्याचा लोगो, आणि सगळंच सोनेरी. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या कलेत धागा कुठल्या कुठे पोचला. अक्षर मात्र मागे पडलं.

जुन्या काळी असं नव्हतं. इंग्लंडमधल्या ॲनिक गावच्या हार्डी ब्रदर्सचे बांबूच्या पट्ट्या जोडून केलेले रॉड पाहावेत. मुठीच्या वर बांबूवरच शाईने लिहिलेलं असे: कंपनीचं नाव, 'पॅलाकोना' हा नोंदणीकृत ट्रेडमार्क, रॉडचा क्रमांक. अमेरिकेत हिरम लेनर्डच्या रॉडवर नाव यायचं ते रील सीटच्या, म्हणजे रील बसवायच्या जागेच्या, धातूवर ठशाने उठवलेलं. दोन्हीकडे अक्षर बारीक आणि कामाचं. जुना हार्डी हाती आला तर संग्राहक आजही आधी तो क्रमांक शोधतात, कारण रॉडचं वय त्यावरूनच काढता येतं.

शाईने लिहिण्याची पद्धत अजून मेलेली नाही. ग्राफाइटची पोकळ नळी, म्हणजे 'ब्लँक', आधी अल्कोहोलने पुसून घेतात. बोटाचं तेल राहिलं तर शाई धरत नाही. त्यावर फिनिशचा पातळ हात देऊन तो वाळू देतात, म्हणजे अक्षर बिघडलं तर ओल्या फडक्याने टिपून पुन्हा लिहिता येतं. रॉड लाकडी खाचेत आडवा ठेवायचा, मनगटाखाली तेवढ्याच उंचीचा ठोकळा घ्यायचा, आणि टाकाच्या बारीक निबने पांढरी किंवा सोनेरी ॲक्रिलिक शाई उतरवायची. जागा किती? मुठीजवळ ब्लँकचा व्यास १२ मिलिमीटर धरला तर घेर ३८ मिलिमीटरच्या आसपास येतो. त्यातला समोरून नीट दिसणारा भाग जेमतेम एक तृतीयांश. म्हणून अक्षर फार उंच झालं की त्याचे कान दोन्ही बाजूंनी वळून खाली जातात. शेवटी इपॉक्सीचा हात, आणि रेझिन ओघळू नये म्हणून मोटरवर सावकाश फिरणारा रॉड. शाई चुकीची निवडली असेल तर या शेवटच्या पायरीवर ती फुटते आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

इतका उपद्व्याप कोण करणार? म्हणून डिकॅल आला. पारदर्शक फिल्मवर नाव छापायचं, पाण्यात भिजवायचं, ब्लँकवर सरकवायचं. अडचण अशी की ब्लँक बहुतेक वेळा काळा किंवा गडद, आणि घरगुती प्रिंटरकडे पांढरी शाईच नसते. तो कागदाच्या पांढरेपणावर भिस्त ठेवून चालतो. जपानच्या आल्प्स कंपनीच्या प्रिंटरमध्ये पांढरी आणि धातूच्या रंगांची रिबन मिळायची. ते यंत्र बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी रॉडवाले आणि मॉडेलवाले जुनी यंत्रं जिवापाड जपत आले. डिकॅलखाली हवा अडकली तर अक्षराभोवती रुपेरी धुकं दिसतं. तेही टाळायला आता बहुतेक जण शिकलेत. तंत्र सुधारलं यात वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हाताला मर्यादा होती, म्हणून मजकूर मोजका असायचा. प्रिंटरला कसलीच मर्यादा नाही, त्यामुळे कुणी 'हे काढा' म्हणत नाही.

धाग्यानेच अक्षर विणण्याची गोष्ट निराळी. लांबीच्या दिशेने दोन रंगांचे धागे मांडायचे, ब्लँकभोवती आडवा धागा फिरवायचा आणि प्रत्येक फेऱ्याला कोणता उभा धागा वर, कोणता खाली, हे आलेखाच्या कागदावर आखलेल्या चौकटींवरून ठरवायचं. पेनसिल्वेनियातल्या डेल क्लेमेन्स यांचं 'कस्टम रॉड थ्रेड आर्ट' हे पुस्तक १९८२चं. धाग्याच्या कामाला कला म्हणून वागवण्याचा आग्रह त्याच्या नावातच दिसतो. विणलेलं अक्षर चौकटींत बसवावं लागतं, म्हणून ते आपोआप ठसठशीत होतं. मला तरी आजच्या रॉडवरची सर्वांत चांगली अक्षरं तिथेच दिसतात. पण विणणाऱ्यांनाही आता फोटोसारखा मासा काढायची ओढ लागली आहे. मासा मोठा, म्हणून नक्षी लांब. नक्षी लांब, म्हणून इपॉक्सी जास्त. मुठीजवळ ते वजन खपून जातं, शेंड्याकडे सरकलं की रॉडची लवचीकता मारतं.

आवडत्या विद्यापीठाचा किंवा फुटबॉल संघाचा लोगो लावण्याची फर्माईशही नेहमीची. ते ट्रेडमार्क असतात आणि परवाना न घेता विकलेला असा रॉड कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, शेकडो टोप्यांवर छापलेलं चिन्ह एकुलत्या एका रॉडवर कशाला? त्यापेक्षा 'अमक्यासाठी तमक्याने बांधला' ही साधी ओळ कितीतरी जास्त सांगते.

पवई तलावावर गळ टाकणाऱ्या कुणाला रॉडवर आपलं नाव मराठीत हवं असेल, तर त्याच्यापुढचे प्रश्न आणखी वेगळे. शिरोरेषा ब्लँकच्या लांबीला समांतर धावते, त्यामुळे डिकॅल केसभर तिरका बसला तरी चोरी उघडी पडते. सुट्या रोमन अक्षरांत ती खपून गेली असती. शिवाय आपल्याला वर वेलांटी हवी, खाली उकार हवा. 'कमल' चार मिलिमीटर उंचीत आरामात मावेल, 'श्रीकृष्ण' लिहायचं तर त्याच उंचीत मूळ अक्षर निम्म्यावर येतं. फॉन्ट सगळंच एका प्रमाणात लहान करतो. टाक हातात असलेला माणूस वेलांटी थोडी दाबून घेईल, खालचा ऋकार आडवा ओढेल आणि अक्षराचं पोट मोठं ठेवील.