एकट्याचा बँड आणि दुसऱ्याचे हात

मंडळी, आजच्या विषयाची पाटी वाचून एकानं दारातच विचारलं, ‘जालन्यात मेटल म्हणजे सळईच ना?’ (हशा) तसं म्हटलं तरी फार चुकत नाही. ज्या संगीताबद्दल आज बोलायचंय ते जन्मलं बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे कारखान्यांच्याच गावात. ब्लॅक सॅबाथचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवला. त्या खालच्या, जड सुरातून हेवी मेटल उभं राहिलं. आपल्या एमआयडीसीत भट्टीजवळ काम केलेल्या माणसाला तो आवाज वेगळा समजावून सांगावा लागू नये.

पण आम्हाला त्या गोष्टीतली दुसरी बाजू हवी आहे. सॅबाथचे चौघंही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातले. बँड असा गल्लीतून तयार होतो. एकाला गिटार येते, दुसऱ्याच्या घरी जागा असते, तिसऱ्याचा आवाज मोठा असतो. आता अंबड किंवा भोकरदनच्या एखाद्या मुलाचा विचार करा. त्यानं मोबाईलवर हे संगीत ऐकलं, गिटार घेतली, बोटं बसवली. पुढं काय? त्याच्या गल्लीत डबल किक वाजवणारा ड्रमर नाही. तालुक्यातही नसेल. मग तो लॅपटॉप उघडतो आणि चौघांचं काम एकटाच करायला बसतो. एकट्याचा बँड बहुतेक वेळा असा जन्मतो. लोकांना त्यात अहंकार दिसतो, आम्हाला आधी टंचाई दिसते.

प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगून टाकू. नेहमीच्या रॉक गाण्यात चार मात्रांचा ठेका असतो, कडवं आणि धृपद असतं. इथे ठेका सात, पाच, अकरा असा कसाही जातो. आपल्याला रूपकाच्या सात मात्रा नव्या नाहीत, पण रूपकात आवर्तन ठरलेलं असतं आणि सम परत येणार याची खात्री असते. इथे दर ओळीला हिशोब बदलू शकतो. गाणी लांब असतात, अनेकदा अख्ख्या अल्बमला एकच कथा असते. असं संगीत एकट्यानं करायचं म्हणजे भलताच पसारा झाला.

तरी लोक तो करतात. महाराष्ट्रातलं सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईच्या साहिल माखिजाचं. २००० साली त्यानं डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड काढला. वादक आले, गेले, पहिल्यापासून टिकून राहिला तो एकटा. २०१० साली या बँडला इंग्लंडच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ग्लोबल मेटलचा पुरस्कार मिळाला. बँडच्या शेजारी त्यानं ‘डेमनस्टीलर’ या नावानं स्वतःचे अल्बम सुरू केले. शिस्तीनं पाहिलं तर हे शुद्ध प्रोग्रेसिव्ह नाही. त्यात डेथ मेटल आहे, सिंफनीसारखे कीबोर्ड आहेत. पण एकेका गाण्यात चार-पाच वळणं आहेत आणि महत्त्वाकांक्षा तीच आहे. गंमत म्हणजे याच एकट्या माणसानं दुसऱ्यांचं संगीत काढायला ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही कंपनी चालवली, बाकीच्या बँडना उभं राहायला मंच दिला. गर्दी त्यानं स्वतः जमवली, आणि मग घरी येऊन दार लावून एकट्यानं अल्बम केला.

या अल्बमांबद्दल लिहिणारे बहुतेक जण, त्यानं एकट्यानं किती वाद्यं वाजवली, ते मोजतात. आम्ही उलटं मोजायचं म्हणतो. प्रत्येक अल्बममध्ये त्यानं कोणतं काम दुसऱ्याकडे सोपवलं, ते बघू.

२००८ चा ‘अँड केऑस विल रेन’ हा पहिला अल्बम, एकट्याच्या जोरावर उभा केलेला. त्यात जोम खूप आहे आणि कल्पनाही खूप आहेत, पण एकाही कल्पनेला कोणी अडवलेलं नाही. एक रिफ आली, ती छान आहे, मग दुसरी, मग तिसरी. बँडमध्ये कोणीतरी कंटाळून म्हणतं, ‘बास रे, आता पुढं चल.’ इथं ते म्हणणारं कोणी नाही. माखिजा स्वयंपाकाचाही शौकीन, ‘हेडबँगर्स किचन’ नावाचा त्याचा कार्यक्रम प्रसिद्ध आहे, म्हणून स्वयंपाकघरातलीच गोष्ट घेऊ. दिवसभर चव घेत राहिलेल्या माणसाला शेवटी मीठ कळेनासं होतं. मग आपण घरातल्या कोणालातरी हाक मारतो आणि चमचा पुढं करतो.

दुसरा अल्बम २०१६ चा, ‘धिस बर्डन इज माइन’. नावातच ओझं माझं एकट्याचं असं म्हटलंय, आणि नेमक्या याच अल्बममध्ये ओझ्याचा सगळ्यात जड भाग दुसऱ्यानं उचललाय. ड्रमवर आहे ग्रीसचा जॉर्ज कोलियास, अमेरिकेच्या नाइल बँडचा ड्रमर, पायाच्या वेगासाठी जगभर मानला जाणारा. आमच्या मते इथून डेमनस्टीलर बदलला. रिफ त्याच घराण्यातल्या आहेत, पण आता त्यांना खालून प्रश्न विचारले जातात. गिटार सरळ जात असताना कोलियास मध्येच झांजेवर एक बारीक टोला देतो, ओळीच्या शेवटी ठेका किंचित ओढतो, आणि तीच रिफ दुसऱ्यांदा आली की पहिल्यासारखी वाटत नाही.

ड्रमच का, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर घराच्या भिंतींत आहे. गिटार आज अ‍ॅम्प्लिफायरशिवाय थेट कॉम्प्युटरला लावता येते, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. आवाज गोधड्या टांगून कपाटात रेकॉर्ड होतो. कीबोर्ड हेडफोन लावून वाजवता येतो. ड्रमचा संच मात्र खोली मागतो, सात-आठ माइक मागतो, आणि आवाज सहन करणारे शेजारी मागतो. म्हणून एकटा माणूस ड्रम कॉम्प्युटरवर लिहून काढतो, एकेक ठोका माउसनं ठेवत. हे लिहिलेले ड्रम थकत नाहीत आणि चुकत नाहीत. मुख्य म्हणजे ते काही सुचवतही नाहीत. त्यामुळे एकट्याच्या बँडमध्ये बाहेरचा माणूस आलाच तर बहुधा पहिला ड्रमरच येतो. गुवाहाटीच्या विशाल जे. सिंगचा ‘अमोघ सिंफनी’ घ्या. पहिला अल्बम २००९ चा, आणि २०१० च्या ‘द क्वांटम हॅक कोड’मध्ये ड्रमवर अमेरिकेचा जिम रिचमन. दिल्लीच्या केशव धरनं खोलीत बसून सुरू केलेल्या ‘स्कायहार्बर’मध्ये अमेरिकेचा अनुप शास्त्री. इतकंच काय, या प्रकारातला सगळ्यात मोठा संसार मांडणारा हॉलंडचा आर्येन लुकासेन. त्याच्या ‘आयरिऑन’मध्ये तो बरंच काही स्वतः वाजवतो, पण वर्षानुवर्षं ड्रमवर एड वॉर्बी असतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ. दासबोध त्यांचा, यात वाद नाही. पण परंपरा सांगते की ते सांगत होते आणि लिहून घेत होते कल्याणस्वामी. एवढं पुरे, पुढं जाऊ.

मधल्या काळात, २०१७ मध्ये, डेमॉनिक रिझरेक्शनचा ‘दशावतार’ आला. दहा अवतार, दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. याचं कौतुक खूप झालं आणि वाजवण्याबद्दल ते योग्यच आहे. विरेंद्र कैथचे ड्रम ऐकण्यासारखे आहेत. पण अल्बम म्हणून आमची तक्रार आहे. इथं आकार विषयानं दिला, संगीताला तो कमवावा लागला नाही. दहा अवतार म्हटलं की दहा खोके तयार, प्रत्येकात एक गाणं. कोकणातला दशावतार बघा. नाव दहा अवतारांचं, पण मंडळी रात्रभर एकच आख्यान रंगवतात, संवाद जागच्या जागी रचतात, राक्षस आणि देव यांना पुरेसं भांडू देतात. एका नरसिंहावर अख्खा अल्बम झाला असता तर? खांबाच्या आत काय चाललंय, यावरच वीस मिनिटं. महत्त्वाकांक्षी अल्बम म्हणजे मोठी यादी, असा एक समज या प्रकारात फार पसरलाय.

आता २०२३ चा ‘द प्रॉपगंडा मशीन’. डेमनस्टीलरचा हा सगळ्यात चांगला अल्बम, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. विषय आजचा, खोटा प्रचार, द्वेष, जमाव, हुकूमशहा. गाण्यांची नावंच ‘द आर्ट ऑफ डिसइन्फर्मेशन’, ‘द अँटी-फॅसिस्ट’ अशी. आणि एकट्याच्या या बँडमध्ये चार ड्रमर आहेत, चार बेसवादक आहेत. जर्मनीचा हानेस ग्रोसमान आहे, अबॉर्टेडचा केन बेडीन आहे. कीबोर्ड अ‍ॅनाबेल इराटनीकडे. म्हणजे २००८ ला जो माणूस दार लावून बसला होता, त्यानं आता घर भाड्यानं दिल्यासारखं उघडं टाकलंय. गाणी आखीव झाली आहेत. रिफ कुठं संपवायची हे त्याला कळलंय. कदाचित पाठवलेल्या गाण्यावर चार परके कान बसणार आहेत, हे माहीत असल्यामुळेच.

दोन गोष्टी मात्र खटकतात. पहिली छोटी. चार ड्रमर आहेत, पण मिक्सिंगमध्ये त्यांचे पाय एकाच मशीनमधून निघाल्यासारखे वाटतात. डोळे मिटून ऐकताना ड्रमर बदलल्याचं आमच्या कानाला दर वेळी कळलं नाही. हा दोष या प्रकारातल्या आजच्या बहुतेक अल्बमांचा आहे. चार माणसं बोलावून त्यांना एकच गणवेश घालायचा असेल तर बोलावलं कशाला?

दुसरी मोठी आहे. माखिजानं ड्रम दिले, बेस दिला, कीबोर्ड दिला, गळा मात्र स्वतःकडेच ठेवला. एरवी हरकत नव्हती. पण या अल्बममध्ये प्रचार करणारा बोलतो, त्याला बळी पडलेला बोलतो, विरोध करणाराही बोलतो, आणि तिघांचा आवाज एकच. तीच गुरगुर, आणि मध्येच ते स्वच्छ सुरातलं गाणं, जे त्याची कमजोर बाजू आहे. प्रचार का चालतो? कारण त्याचा आवाज गोड असतो, घरच्या माणसासारखा असतो. तो आवाज या अल्बममध्ये ऐकूच येत नाही. हुकूमशहाही बंडखोरासारखाच ओरडतो, मग ऐकणाऱ्याला मोहात पडायची संधीच नाही. पहिल्या सेकंदापासून कळतं कोण वाईट.

लुकासेननं हे सोडवलंय. २००४ च्या ‘द ह्युमन इक्वेशन’मध्ये कोमात गेलेला एक माणूस आहे, वीस दिवस, वीस गाणी. त्याच्या डोक्यातल्या भावना पात्रं होऊन भांडतात, आणि प्रत्येकीला वेगळा गळा आहे. भीती गायलीय ओपेथच्या मिकाएल ओकरफेल्डनं. लिहिणारं डोकं एक, भांडणारे गळे अनेक. ‘स्कायहार्बर’चा २०१२ चा ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज’ तर प्रयोगशाळेतला पुरावा वाटावा असा आहे. तो दोन भागांत आहे. मोठा भाग इंग्लंडचा डॅनियल टॉम्पकिन्स गायलाय, छोटा भाग मुंबईच्या ‘भयानक मौत’चा सुनीथ रेवणकर. गिटार लिहिणारा माणूस तोच, पण पहिल्यात मोकळं आकाश आहे, दुसऱ्यात छत डोक्यावर येतं.

पण पाहुणे बोलावणं हाच एक मार्ग आहे असंही नाही. शेजारच्या औरंगाबादचे लक्ष्मण देशपांडे आठवा. तेव्हा तर जालना त्याच जिल्ह्यात होतं. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’, एक माणूस आणि ५२ पात्रं. खांद्यावरचं उपरणं इकडून तिकडं गेलं की माणूस बदलायचा. गळा एकच होता, पण प्रत्येकाचं बोलणं निराळं, श्वास निराळा. तिथं प्रेक्षकांना एकटेपणा समोर दिसत होता, आनंद त्याचाच होता. रेकॉर्डवर एकटेपणा दिसत नाही, तो फक्त ऐकू येतो, आणि ऐकू येतो तो बहुधा सारखेपणा म्हणून. माखिजानं एका गळ्यातून तीन माणसं काढली असती तर आम्ही ही तक्रार मागे घेतली असती.

मगाशी अंबडच्या मुलाबद्दल बोललो. ड्रमर नाही, असं त्याचं म्हणणं. पण हलगी आपल्याकडं गावोगाव आहे. गोंधळ्यांचं संबळ आहे. लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारा माणूस दर तालुक्यात दहा-वीस तरी असेल, आणि पावसाळ्यात त्याला काम नसतं. (एक श्रोता: ‘हलगीवाला सात मात्रा वाजवेल का?’) मोजून सांगितल्या तर वैतागेल. तोंडानं बोल म्हणून दाखवा, रिफ चार वेळा वाजवून दाखवा, पाचव्या वेळी तो आपसूक आत येईल. आणि बहुधा तुमच्या सातातली एक मात्रा जास्तीची आहे, असंही सांगेल. ते ऐकून घ्या आणि लगेच रेकॉर्डचं बटण दाबा. त्याचं नाव अल्बमवर लिहा, पैसे आधी ठरवा. बाकीचे प्रश्न आता घेऊ.