हेरिटेज वॉक कुठे संपतो?

पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटक-सिनेमाचं होतं. हेरिटेज वॉकचं मात्र होत नाही. त्याला फार तर स्टार मिळतात. ‘गाइड छान बोलतो, पाण्याची बाटली सोबत ठेवा’, संपला विषय. खरं तर शहरातून पायी फिरवणारी ही दोन-अडीच तासांची सैर म्हणजेही रचलेली गोष्टच. तिला निवेदक असतो, सुरुवात आणि शेवट असतो. कोणाला नावानिशी सांगायचं आणि कोणाला गर्दीत सोडून द्यायचं, हेही आधीच ठरलेलं असतं.

मुंबईतला नेहमीचा मार्ग घ्या. सीएसएमटी, फोर्ट, फ्लोरा फाउंटन, काळा घोडा, फार तर गेटवे. इथली गोष्ट रंगतेही छान. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना किल्ल्याचे तट पाडले गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मोकळ्या जागेवर गॉथिक इमारती उभ्या राहिल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर झाला, १८८८ मध्ये स्टीव्हन्सने बांधलेलं स्टेशन पूर्ण झालं. या गोष्टीने रोज खाली मान घालून लोकल पकडणाऱ्यांना वर बघायला शिकवलं, हे तिचं श्रेय. इमारत आवडली की ती टिकावी असंही वाटू लागतं.

पण ही गोष्ट कापसाच्या व्यापाऱ्यापाशी थांबते. त्या कापसाचं सूत आणि कापड करणाऱ्यांपर्यंत ती पोचत नाही. वास्तुविशारदाचं नाव कळतं, घाम गाळणाऱ्यांना ‘स्थानिक कारागीर’ या दोन शब्दांत गुंडाळलं जातं.

ही निवड सगळ्यात जास्त खटकते ती फ्लोरा फाउंटनपाशी. १८६४ चं कारंजं, फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी, एवढं ऐकून आपण फोटो काढतो. शेजारीच मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. त्यांच्या वाट्याला बहुतेकदा एखादं वाक्य येतं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच भागात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला होता. चौकाचं नाव हुतात्मा चौक आहे ते त्या लढ्यात गेलेल्यांमुळे. आता साधा प्रश्न विचारा: पुतळ्यातला हा कामगार राहायचा कुठे?

उत्तर लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. लालबाग, परळ, डिलाईल रोड, म्हणजे गिरणगाव. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेसाठी बैठक भरली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यानंतर हा सगळा भाग बदलत गेला. इथे मान वर केली तर काचेचे टॉवर दिसतात. बघायला काही उरलं नाही म्हणून हा भाग नेहमीच्या मार्गात येत नाही, असं म्हणावं तर का उरलं नाही, हीच तर सांगण्यासारखी गोष्ट आहे.

अर्थात, वॉक नुसता गिरणगावात नेला म्हणजे काम झालं असंही नाही. बीडीडी चाळींचंच बघा. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक संडास. आता त्या पाडून पुनर्विकास चालू आहे. कॅमेरा घेऊन आलेल्याला जुन्या चाळीचं कौतुक वाटतं आणि ‘हे जपायला हवं’ असं तो पटकन म्हणून जातो. तीन पिढ्या तिथे काढलेल्या बाईला घरात स्वतःचा संडास हवा असतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. चांगला वॉक या दोघांना समोरासमोर आणेल. वाईट वॉक त्या बाईला फोटोची पार्श्वभूमी करून टाकेल. गरिबी दाखवायला नेणाऱ्या वस्तीच्या टूरमध्ये हेच होतं.

आणखी एक. वॉकमध्ये चालणं म्हणजे रविवार सकाळची हौस. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून आईवडिलांबरोबर मुंबईला आले ते पायी, पोटासाठी. हे शहर ज्यांनी चालवलं त्यांतले कितीतरी असेच चालत आले. त्यांच्या वाटेचाही नकाशा काढता येईल.

तोवर नेहमीच्या वॉकला जरूर जा. फक्त गाइडने ‘काही प्रश्न?’ म्हटल्यावर वर्ष आणि शैली विचारू नका, ती फोनवर सापडते. ही इमारत झाली तेव्हा इथलं काम संपवून माणसं कुठल्या दिशेने घरी जायची, ते विचारा. त्याला उत्तर देता आलं, तर त्याला पाच स्टार द्या. नाही आलं, तर वॉक संपल्यावर भायखळ्याच्या पुढे उतरा आणि स्वतःच चालायला लागा.