हायड्रॅझिन सल्फेट आणि कर्करोग : पुराव्याची चिकित्सा

हायड्रॅझिन हे अग्निबाणाच्या इंधनात व बॉयलरच्या पाण्यातील ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी वापरले जाणारे औद्योगिक रसायन होय. त्यापासून तयार होणाऱ्या हायड्रॅझिन सल्फेटचा कर्करोगावरील संभाव्य उपचार म्हणून अमेरिकेतील सिरॅक्यूज येथील डॉ. जोसेफ गोल्ड यांनी दीर्घकाळ पुरस्कार केला. त्यांची उपपत्ती आकर्षक होती. कर्करोगाची गाठ ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करते. यकृत स्वतःची ऊर्जा खर्चून त्याचे पुन्हा ग्लुकोज बनवते. या चक्रात रुग्णाचे शरीर झिजत जाते. यकृतातील संबंधित विकराला हायड्रॅझिन सल्फेटने रोखल्यास ही झीज थांबेल, असा हा तर्क. गाठीवर घाव घालण्याऐवजी तिची रसद तोडण्याचा हा विचार होता.

तर्क सुसंगत असला म्हणजे औषध गुणकारी ठरतेच असे नाही. क्लेबोव्स्की व सहकाऱ्यांच्या 1990 च्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे अवघे 65 रुग्ण होते. मध्यक आयुर्मान औषध घेणाऱ्यांत 292 दिवस, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत 187 दिवस आढळले. परंतु हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. तो टिकला केवळ प्रकृती बरी असलेल्या उपगटात. उपगटातील असा निष्कर्ष पुढील चाचणीची दिशा दाखवतो; त्याला सिद्धता मानता येत नाही.

पुढील चाचण्या झाल्याही. 1994 मध्ये तीन यादृच्छिक चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी 291 रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान दोन्ही गटांत सुमारे पावणेआठ महिने होते. उलट औषध घेणाऱ्यांत मज्जातंतूंचे विकार अधिक आढळले व जीवनमान अधिक खालावले. अन्य दोन चाचण्यांतही लाभ दिसला नाही.

यावर गोल्ड यांचा आक्षेप असा, की रुग्णांना शांतक औषधे दिल्याने हायड्रॅझिनचा परिणाम नष्ट झाला. या आक्षेपाचा विचार व्हावयास हवा, परंतु तो मान्य केल्यास एक विचित्र परिस्थिती उद्भवते. शेवटच्या अवस्थेतील, वेदनेने व निद्रानाशाने त्रस्त रुग्णालाच शांतके लागतात. मग ज्यांच्यासाठी हे औषध, त्यांपैकी अनेकांना ते निरुपयोगीच ठरणार. 1995 मध्ये अमेरिकेच्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने या चाचण्या सदोष नसल्याचा निर्वाळा दिला. तथापि शांतकांच्या वापराच्या पूर्ण नोंदी आरंभापासून ठेवल्या गेल्या नव्हत्या, हेही त्याच चौकशीत दिसून आले. त्या ठेवल्या असत्या, तर वादाचे हे एक कारण तरी उरले नसते.